चांगुणाबाय नावं मागते

रोडपालीच्या गावठाणात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी हॉल बघतो, मग केटरर, मग डीजेवाला. सगळं ठरवून तो पाय पसरून बसला की त्याच्या बायकोला आठवतं, अगंबाई, धवलारीण सांगायची राहिली. मग घरात एकच धांदल. बरं आहे की चांगुणाबायला सांगायला फार सोपस्कार लागत नाहीत. पनवेलच्या मच्छी बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत ती सकाळपासून बसलेली असते. समोर जवळ्याचा ढीग, बाजूला बोंबील, डोक्यावर पदर. तिथं जाऊन म्हणायचं, "मावशी, आमच्या पोरीची हळद वीस तारखेला." ती मान हलवते. झालं सांगून.

धवलारीण म्हणजे कोण, हे लांबच्या माणसांना सांगायला हवं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, नाही असं नाही. पण मांडवाखाली तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, देवांना, गावांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून आवतन द्यायचं, ते काम बाईचं. ती गाणी म्हणजे धवले, आणि ती गाणारी धवलारीण. चांगुणाबाय तिशीतच विधवा झाली. एरवी हळदीच्या वेळी विधवा बाईला हळूच मागं सरकवतात, पण धवलारीण म्हणून तिलाच चौकापाशी पहिला पाट मिळतो. हे असं का, म्हणून मी गावातल्या पाच शहाण्यांना विचारलं. चौघांनी चार उत्तरं दिली आणि पाचव्यानं चहा पाजून वाटेला लावलं. मी नाद सोडला.

आता तिनं सत्तरी ओलांडली आहे. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. पण दोन-दोन तास चालणारे धवले ती एका बैठकीत म्हणते आणि प्रत्येक घराची नावं वेगळी, ती सुद्धा एक न चुकता. कागद नाही, मोबाइल नाही. लोकांना वाटतं देवीचा वरदहस्त आहे. कसला वरदहस्त घेऊन बसलात, तिची आपली एक युक्ती आहे.

हळदीच्या चार दिवस आधी ती त्या घरी जाते. ओट्यावर बसते, बिनसाखरेचा चहा मागते आणि म्हणते, "द्या आता नावं." मग घरचे सांगू लागतात, आजोबा गोमा, चुलतआजी धाकूबाय, मोठा काका असा असा. प्रत्येक नावाला ती विचारते, "त्याला काय आवडायचं खायाला?" नवीन माणूस बुचकळ्यात पडतो. अहो, आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, काय आवडायचं कुणाला आठवतं? पण आठवतं हो. एक म्हणतो वाकट्या आवडायच्या, दुसरा म्हणतो छट्, त्यांना चिंबोरीशिवाय घास उतरत नव्हता. दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नसतात ते आजोबांच्या चिंबोरीवरून भांडायला तरी तोंड उघडतात. चांगुणाबाय गप्प बसून ऐकते. तिच्या डोक्यात नाव आणि खाणं एकत्र बसतं. नाव निसटलं तरी चिंबोरी निसटत नाही, आणि चिंबोरी आठवली की मागोमाग गोमा येतोच.

तिचा आणखी एक नियम आहे. तो इतर धवलारणी पाळत नाहीत, उलट त्यावरून तिची थट्टा करतात. धवले चालू असताना घरच्या कर्त्या माणसानं तिच्या शेजारी बसायचं आणि एकेक नाव मोठ्यानं द्यायचं. त्यानं दिलं तरच ती गाण्यात घेणार. आधी चार दिवस पाठ केलेलं असलं तरी आपण होऊन घेणार नाही. "आवतन घरवाल्याचं, मी फकस्त घेऊन जानारी," असं ती म्हणते.

तर यंदा सुदामच्या पोरीचं लग्न निघालं. सुदाम जासईकडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. गावठाणात तीन मजली घर, वरच्या मजल्यावर तो आणि त्याचं कुटुंब, तळमजल्यावर त्याच्या धाकट्या भावाची बायको माधुरी. भाऊ, जगन, अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. माधुरी अंगणवाडीत सेविका आहे, आणि उरलेल्या वेळात सुदामच्या घरातलं निम्मं काम तीच ओढते. नवरीमुलगी प्राजक्ता, नवीन पनवेलला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. पोरगी हुशार, आणि बापासारखीच नाकावर राग.

चांगुणाबाय ओट्यावर बसली. चहा आला. सुदाम नावं देऊ लागला. बाप, आई, आजा, आजी, लहानपणी गेलेली बहीण, सगळ्यांची नावं झाली, सगळ्यांची खाणी झाली. मग सुदाम म्हणाला, "बस, एवढीच."

"जगन?" चांगुणाबायनं विचारलं.

"मावशी, ते नको."

"का नको?"

"तुला माहितेय तो कसा गेला." सुदामनं आवाज खाली आणला. "त्याच्या हातानं गेला. अशा माणसाला मांडवात बोलवत नाहीत. उरणहून नवऱ्याकडची माणसं हळद घेऊन येणार. नाव ऐकलं की विचारणार, हा कोण, कसा गेला. पोरीच्या शुभकार्यात मला ती चर्चा नको."

चांगुणाबायनं कप खाली ठेवला. "तुजा सख्खा भाव हाय तो."

"नको म्हणलं ना. नाहीतर रूपेशकडं पेनड्राइव्हवर धवले आहेत. लोक आता तेच लावतात. त्यात कुणाच्या घरातली नावं नसतात, काही कटकट नाही." रूपेश म्हणजे डीजेवाला. एवढं बोलून सुदाम फोन आल्यासारखं करून आत गेला. फोन आला नव्हता, हे चांगुणाबायला दिसत होतं.

ती उठली आणि गल्लीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा मागून माधुरी आली. तिच्या हातात एक छोटा डबा होता. तो तिनं चांगुणाबायच्या हातात दिला आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "मावशी, कांद्यातला जवळा आहे. त्यांना आवडायचा. तिखट, वरून कोकम टाकलेला." बस, एवढंच. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, कधीच घेत नव्हती. पण चांगुणाबाय खाण्यावरून नावं लक्षात ठेवते हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. डबा अजून गरम होता. अकरा वर्षं ही बाई त्या घरात राबतेय आणि तिच्या नवऱ्याचं नाव त्या घरात कुणी काढत नाही, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छी बाजारात एक स्कूटी येऊन थांबली. प्राजक्ता. हेल्मेट काढायच्या आधीच तिनं सुरुवात केली. "आजी, बाबांनी रूपेशला पेनड्राइव्ह आणायला सांगितलाय. मी म्हटलं मग मी हळदीला बसणारच नाही. घरात नुसता धिंगाणा चाललाय. काकूचं तोंड बघवत नाही मला. जगनकाकानं मला सायकल शिकवली, आजी. मला त्याचं नाव हवंय."

"बस आदी," चांगुणाबाय म्हणाली आणि तिला गोणपाटाचा एक कोपरा दिला. इस्त्रीचे कपडे घातलेली पोरगी सुक्या बोंबलाशेजारी बसली. बसताना नाक मुरडलं नाही, हे चांगुणाबायनं मनात टिपून घेतलं.

प्राजक्तानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "आजी, एक विचारू? रागावू नकोस. तू खरंच मानतेस का, की तू गाऊन बोलावलंस की देव येतात, मेलेली माणसं येतात?"

"मना ठावं नाय," चांगुणाबाय म्हणाली.

"ठाऊक नाही?"

"नाय ठावं. मी काय त्यांना दारात उभं राऊन मोजलंय?" तिनं एका गिऱ्हाइकाला जवळा बांधून दिला. "माजी सासू मानायची. ती म्हनायची, नाव चुकलं तर देव कोपतो. मी चाळीस वरीस गाते, माज्याकडनं दोनदा देवांची नावं मागंपुढं झाली, काय नाय कोपला कोन. मग मी आपलं भ्यायचं सोडून दिलं."

"मग गातेस कशाला?"

आजवर चांगुणाबायला कुणी हे विचारलंच नव्हतं. लोक तारीख विचारत, साडीचा रंग विचारत. तू काय मानतेस आणि का मानतेस, हे विचारणारी ही पहिलीच. तिला त्याचं जरा बरं वाटलं, आणि जरा भीतीही वाटली.

मग तिनं सांगितलं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, नवीनच एकटीनं धवले घ्यायला लागली होती. जासईला एक लग्न होतं. घरवाल्यांनी बावीस नावं दिली. बावीस खाणी तिनं पाठ केली. त्यात एक नाव होतं कुसुम. नवऱ्यामुलाच्या आजीची पहिली मुलगी, बारसं झाल्यावर चौथ्या दिवशी गेलेली. चांगुणाबायनं सवयीनं विचारलं, काय आवडायचं? घरातले हसले. पंधरा-सोळा दिवसांच्या पोरीला काय आवडणार? तिनं काहीच खाल्लेलं नव्हतं. चांगुणाबायही हसली आणि पुढं गेली. लग्नात गाताना एकवीस नावं आली, बाविसावं आलंच नाही. डोक्यात त्या नावाला लटकायला काही नव्हतं, ते निसटून गेलं. तेव्हा घरवाल्यानं शेजारी बसून नाव देण्याचा नियमही नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही, वाजंत्री सुरू झाली, जेवणं झाली.

"मी हात धवत होते," चांगुणाबाय म्हणाली, "तवा ती म्हातारी आली. रागावली नाय गं. माज्या हातावर पानी घातलंन् आनि हळूच बोल्ली, माजी कुसुम राहिली. चाळीस वरसात कोनी तिचं नाव घेतलं नाय बग. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला भेटंल म्हनून सकालपास्नं बसले होते."

"मग?" प्राजक्तानं विचारलं.

"मना रात झोप लागली नाय. सकाली उठले आनि गेले परत जासईला. मांडव काढत होते. तिच्या अंगनात बसले आनि तेवढी येक ओल गायली, कुसुमची. बिनलग्नाचा धवला, लोक म्हनाले ही बाई येडी झाली. म्हातारी रडली, मग हसली, मग मना जेवल्याशिवाय सोडलं नाय. मी त्या दिवशी धवलारीन झाले, त्याच्या आदी मी नुसती गात होते."

तिनं ढिगावरची माशी हाकलली. "तू विचारलंस ना, मी काय मानते? मी ह्ये मानते. मानूस गेला की कपडे वाटतात, खाट काढतात, रेशन कार्डावरनं नाव कापतात. सगलं सरकारी काम झटपट होतं. मागं येक जित्तं मानूस राहतं आनि ते वाट बगतं, कोनीतरी नाव काढंल म्हनून. मेलेला ऐकतो का नाय, मना काय ठावं. पन ह्यो जित्ता ऐकतो, ते मी ह्या डोल्यांनी बगितलंय. मी त्याच्यासाटी गाते. आनि म्हनून कोनाला वगलायचं नाय. चांगल्या मरनाचा आन वाईट मरनाचा, असं माज्याकडं नाय. वाट बगनारा दोनीकडं सारकाच असतो."

"मग तू घे ना काकाचं नाव. बाबा काय करणार आहेत भर मांडवात?"

"ते नाय जमनार." चांगुणाबायचा आवाज कडक झाला. "चोरून घेतलेल्या नावाचा काय उपयोग? तुज्या काकूला माज्या तोंडून ऐकायचं असतं तर ती इतं येऊन बसली असती, मी दिवसभर गायले असते. तिला त्या घराच्या तोंडून ऐकायचं हाय. सुदामनं दिलं पायजे. त्यानं नाय दिलं तर मी तितं थांबेन, येक श्वास घेईन आनि पुडं जाईन. तुज्या बापाला सांग, पेनड्रायव नको, चांगुना येते."

प्राजक्तानं घरी जाऊन काय सांगितलं आणि किती आदळआपट केली कुणास ठाऊक, पण पेनड्राइव्ह रद्द झाला. सुदामचा निरोप आला, ये, पण ते नाव सोडून.

हळदीच्या दिवशी चांगुणाबाय सकाळी आठलाच पोचली. सुदाम एकटाच शिडीवर चढून मांडवाच्या खांबाला आंब्याचे डहाळे बांधत होता. एवढे गडी असताना कर्ता माणूस शिडीवर, म्हणजे त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं, हे उघड आहे. चांगुणाबाय शिडीखाली उभी राहिली. शिडी धरली. आता तो उतरून पळणार कुठं?

"सुदाम, खरं सांग. नवऱ्याच्या मानसांना तू भ्यायला नायस."

सुदामनं दोरी ओढली. गाठ बसेना. पुन्हा ओढली. मग तसाच वर उभा राहून बोलला, खाली न बघता. शहरी बोली कुठल्या कुठं गेली. "मावशे, त्या टायमाला पन घरात लगीन व्हतं. चुलतभावाचं. जगन पिऊन आलेला. सगल्यांसमोर कायबाय बोल्ला. मी त्याला गचांडी धरून भायेर काढला. बोल्लू, आजपास्नं माज्या दारात येव नको. तिसऱ्या दिवशी..." त्यानं दोरी हाताला गुंडाळली. "मी त्याच्याशी शेवटचं ह्येच बोल्लूय. माज्या दारात येव नको. आता मी त्याचं नाव घेऊ? कुठल्या तोंडानं घेऊ?"

चांगुणाबायला या माणसाचा चार दिवस राग आला होता. तो सगळा उतरला. तिला त्याची दया आली, अगदी पोटातून. अकरा वर्षं तो हे एकटा गिळत होता, आणि तळमजल्यावर माधुरी तिचं वेगळं गिळत होती, आणि मधे फक्त एक जिना.

"मी काय करते ठावं हाय ना तुना?" ती म्हणाली. "आवतन देते. दुसरं काय नाय करत. तू त्याला बोल्लास येव नको. आता तुजंच दार हाय, तुजाच मांडव हाय. बोलव की त्याला."

सुदाम पुन्हा गाठीशी झटू लागला. चांगुणाबायनं शिडी सोडली आणि ती पीठ मागायला आत गेली. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. तो देईल की नाही, याची तिला अजिबात खात्री नव्हती.

दहा वाजता चौक काढून झाला. प्राजक्ता पिवळ्या साडीत पाटावर बसली. करवल्या मोबाइल सरसावून उभ्या. उरणची मंडळी खुर्च्यांवर टेकली, त्यांना सरबत दिलं. रूपेशनं एक माइक चांगुणाबायपुढं ठेवला. सुदाम तिच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसला. त्याची बायको त्याच्या मागं. माधुरी कुठं होती? माधुरी स्वयंपाकघराच्या दारात, हातात भिजवलेल्या हळदीची परात घेऊन, निम्मी आत, निम्मी बाहेर.

चांगुणाबायनं धवला धरला. आधी गावदेवी, मग डोंगरावरचे देव, खाडीचे देव. सत्तरीतल्या बाईचा आवाज, पण मांडव भरून गेला. मग घरातली माणसं सुरू झाली. सुदाम एकेक नाव देत होता, ती एकेक घेत होती. बाप आला, आई आली, आजा आला, आजी आली. लहानपणी गेलेली बहीण आली, तेव्हा सुदामच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

आणि मग सुदाम गप्प झाला.

चांगुणाबाय थांबली. तिनं कबूल केल्याप्रमाणं एक श्वास घेतला. प्राजक्ता पाटावरून बापाकडं एकटक बघत होती. उरणच्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, झालं का? रूपेशला वाटलं झालं, त्याचा हात बटणाकडं गेला. नवरीनं त्याच्याकडं असं बघितलं की हात परत खिशात गेला. आता चांगुणाबायनं पुढं जायला हवं होतं. तिनं दुसरा श्वास घेतला. चाळीस वर्षांत तिनं एका श्वासाचा नियम एकदाही मोडला नव्हता, तो त्या दिवशी मोडला. तिसराही घेतला.

"जगन," सुदाम म्हणाला.

आवाज इतका घोगरा होता की त्यानं स्वतःच खाकरून पुन्हा म्हटलं, "जगन. माजा धाकटा भाव. त्याला सांग, मी बोलवतंय. दारात नको, आत ये म्हनावं."

चांगुणाबायनं ते नाव उचललं आणि गाण्यात घेतलं. तिखट जवळा, वरून कोकम, तिला ते आठवावंसुद्धा लागलं नाही. उरणचा म्हातारा काही विचारणार होता, पण सुदामचा चेहरा बघून त्यानं हात जोडले. खरं सांगायचं तर तिथं कुणालाच काही विचारायचं नव्हतं. बायकांमधली कुजबुज थांबली होती.

माधुरीनं परात दारातच खाली ठेवली. हात पुसायचं तिला सुचलं नाही. पिवळ्या हातांनी ती माणसांमधून वाट काढत चौकापर्यंत आली आणि खाली बसली, थोरला दीर बसला होता तिथंच, त्याच्या शेजारी. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"मावशी," ती म्हणाली, "अजून एकदा घ्या. मला नीट ऐकू नाही आलं."

पुढ्यात माइक होता. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं होतं. कुणी तसं म्हटलं नाही. सुदाम जरा सरकला, भावजयीला बसायला पुरती जागा केली.

"घे मावशे," तो म्हणाला, "अजून येकदा घे."

चांगुणाबायनं घेतलं.